रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर

सुरत शहराचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे साड्या, जरीकाम आणि हिऱ्यांचे कारखाने उभे राहतात. खानदेशातून तेथे गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे मागांवर व कारखान्यांत राबून आपला संसार चालवीत आहेत. परंतु याच सुरतेत, देश स्वतंत्र होण्याच्या आधीच्या काही वर्षांत, प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा एक तरुण गुजराती शिक्षक काही काळ गणित शिकवीत होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तारा प्रकाश देत असताना त्याच्या भोवतालचे अवकाश कसे वाकते, या प्रश्नाचे उत्तर त्याने नुकतेच शोधून काढले होते. पोटासाठी तो शिकवी आणि उरलेल्या वेळात आपले संशोधन करी. हे संशोधन त्याला ज्या गुरूपाशी लाभले तो गुरू मराठी होता, कोल्हापूरचा होता आणि बनारसला राहत होता. त्या गुरूची, म्हणजे रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर यांची, ओळख वाचकांना करून देण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे विद्येचे होते. वडील वासुदेवशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुलाची बुद्धी मात्र गणिताकडे वळली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते बी.एस्सी. झाले आणि शिष्यवृत्त्यांच्या आधारावर इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथील गणिताच्या अवघड परीक्षेत ते १९३० साली पहिल्या वर्गात विशेष योग्यतेने उत्तीर्ण झाले. या यशाबद्दल मिळणारी 'रँग्लर' ही पदवी पुढे जन्मभर त्यांच्या नावाला चिकटून राहिली. ज्योतिषशास्त्रातील प्रावीण्याबद्दलचे टायसन पदक त्यांना मिळाले, आणि संशोधनासाठी आयझॅक न्यूटन यांच्या नावाची शिष्यवृत्तीही मिळाली.

केंब्रिजमध्ये त्यांना मार्गदर्शन लाभले ते सर आर्थर एडिंग्टन यांचे. एडिंग्टन यांच्याविषयी दोन शब्द येथे लिहिणे अवश्य आहे. ते क्वेकर पंथाचे भाविक ख्रिस्ती होते. शस्त्र हाती धरायचे नाही हा त्या पंथाचा नेम. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा १९१८ साली अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे उभे राहून त्यांनी आपण सद्‌विवेकामुळे लढू शकत नाही असे सांगितले. विद्वान म्हणून सूट मिळते आहे, मग धर्माचे कारण कशाला पुढे करावे, असा विचार त्यांनी केला नाही. राजज्योतिषी सर फ्रँक डायसन यांनी मध्यस्थी केली, आणि येणाऱ्या सूर्यग्रहणाच्या वेधाची तयारी करावी या कामासाठी त्यांना मोकळीक मिळाली. तो वेध होता अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताची परीक्षा पाहण्यासाठी. आइन्स्टाइन तेव्हा बर्लिनमध्ये, म्हणजे शत्रूच्या राजधानीत, काम करीत होते. ज्या वेळी जर्मन म्हटले की इंग्रज माणसाचे रक्त तापे, त्या वेळी एक क्वेकर इंग्रज त्या विद्वानाचे म्हणणे खरे की खोटे हे निःपक्षपातीपणे तपासायला निघाला होता.

ते म्हणणे काय होते? झाडावरून फळ खाली का पडते, याचे न्यूटनने दिलेले उत्तर आपण शाळेत शिकतो. पृथ्वी फळाला ओढते. सूर्यही पृथ्वीला ओढतो. पण सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर आहे. मध्ये दोरी नाही, साखळी नाही. मग ही ओढ पोहोचते कशी? न्यूटनने ओढीचे गणित अचूक मांडले, पण ती कशाने पोहोचते हे त्याने सांगितले नाही. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली असे मांडले की, ही मुळी ओढच नव्हे. जेथे पदार्थ आहे तेथे अवकाश आणि काळ ही दोन्ही वाकतात, आणि प्रत्येक वस्तू त्या वाकलेल्या अवकाश-कालातून आपल्या परीने सरळच जात असते.

हे ऐकून सामान्य माणूस बुचकळ्यात पडला तर नवल नाही. मोकळी जागा वाकते म्हणजे काय? एडिंग्टन यांचे मोठेपण असे की अत्यंत कठीण गणित लिहिणारा हा गृहस्थ साध्या माणसांसाठीही पुस्तके लिही, आणि त्यांत रोजच्या व्यवहारातले दाखले देई. आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना दाखल्याचे सामर्थ्य निराळे सांगायला नको. म्हणून आपणही चार दाखले घेऊन या विषयात थोडे शिरू.

पहिला दाखला एका डब्याचा. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी खिळ्याने भोक पाडा. डबा पाण्याने भरला की भोकातून धार लागेल. आता तो डबा उंचावरून सोडून द्या. खाली येईपर्यंत ती धार थांबलेली दिसेल. डबा आणि पाणी दोघेही एकाच वेगाने पडत असल्यामुळे पाण्याचे वजन जणू नाहीसे होते. जी शक्ती पडताना आपोआप लोप पावते, तिला खरीखुरी ओढ कसे म्हणावे? १९०७ साली आइन्स्टाइन यांच्या मनात विचाराला सुरुवात झाली ती अशाच प्रश्नातून. हा प्रयोग मुलांना अंगणात करून दाखविण्यास खर्च काहीच येत नाही.

दुसरा दाखला सुरत आणि नागपूर यांचा. नकाशा उघडून पाहा. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहेत, आणि त्यांच्यामध्ये साधारण ६५० किलोमीटरचे अंतर आहे. समजा, दोन्ही शहरांतून एकाच वेळी एकेक विमान निघाले आणि नाक सरळ उत्तरेकडे ठेवून उडत राहिले. दोघांनीही डावीउजवीकडे वळायचे नाही. तरी ६० अंशांवर पोहोचतील तेव्हा त्यांच्यात सुमारे ३५० किलोमीटरच उरतील, आणि उत्तर ध्रुवावर तर ती एकमेकांना भेटतील. एकाने दुसऱ्याला ओढले काय? मुळीच नाही. ज्या पृथ्वीवरून ती गेली ती गोल आहे, म्हणून सरळ वाटा जवळ आल्या. पृथ्वीचा गोलपणा ठाऊक नसलेला मनुष्य मात्र शपथेवर सांगेल की, या दोन विमानांमध्ये काहीतरी गूढ आकर्षण आहे. आपणही गुरुत्वाकर्षणाविषयी तसेच बोलत आलो.

तिसरा दाखला साडीचा, आणि तो सुरतेच्या मंडळींना घरचाच वाटेल. चार मुलांनी एका साडीची चार टोके धरून ती ताठ ताणावी. मध्यभागी किलोचे वजन ठेवावे. साडीला खळगा पडेल. आता कडेने एक गोटी सोडली तर ती सरळ न जाता खळग्याभोवती वळसा घेईल. वजन म्हणजे सूर्य, गोटी म्हणजे पृथ्वी, आणि साडी म्हणजे अवकाश. वजनाने गोटीला हात लावला नाही. त्याने साडी वाकविली आणि साडीने गोटीची वाट वाकविली.

हा दाखला फार लोकप्रिय आहे, परंतु शिक्षकाने येथेच सावध झाले पाहिजे. साडीतले वजन खाली दबते ते पृथ्वीच्या गुरुत्वामुळेच. म्हणजे जे समजावून द्यायचे तेच आपण आधी गृहीत धरले. शिवाय साडी केवळ जागेचा वाकडेपणा दाखविते, काळाचा नव्हे. आणि झाडावरचे फळ खाली पडते ते मुख्यतः काळाच्या वाकण्यामुळे.

यासाठी चौथा दाखला. सडकेवरून सरळ चाललेल्या बैलगाडीचे एक चाक कडेच्या रेतीत गेले, तर ते चाक हळू फिरू लागते, दुसरे सडकेवर भरभर फिरते, आणि गाडी आपोआप रेतीकडे वळते. रेतीने गाडीला ओढले नाही. तेथे चाल मंद आहे, एवढेच. काळाचेही तसेच आहे. पृथ्वीच्या जितके जवळ, तितका काळ किंचित सावकाश चालतो. जेथे काळ मंद, त्या बाजूला पदार्थाची वाट झुकते, आणि आपण म्हणतो, फळ पडले. काळ मंद होतो ही केवळ कल्पना नव्हे. मोबाईलवर रस्ता दाखविणारे नकाशे ज्या उपग्रहांवर चालतात, त्यांच्यातील घड्याळे उंचीमुळे रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात ठिकाण दहा किलोमीटरपर्यंत चुकेल.

आता त्या ग्रहणाकडे वळू. आइन्स्टाइन यांच्या गणिताप्रमाणे सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकलांनी वाकायला हवा होता. जुन्या हिशेबाने त्याच्या निम्मा. हा कोन किती लहान? अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे तीन किलोमीटरवरून पाहिले तर जेवढे दिसेल तेवढा. २९ मे १९१९ रोजी एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर होते आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल गावी होती. प्रिन्सिपेवर ढगांनी फार त्रास दिला, परंतु काही छायाचित्रे हाती लागली. सोब्रालची छायाचित्रे अधिक चांगली निघाली. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये निष्कर्ष जाहीर झाला, आणि आइन्स्टाइन यांचे नाव जगभर झाले.

अशा गुरूजवळ विष्णुपंत घडले. आणखी काही वर्षे केंब्रिजमध्ये राहून नावलौकिक वाढविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुखपद सांभाळण्यास बोलाविले, आणि १९३२ साली ते परतले. वय अवघे चोवीस वर्षांचे. ज्या विषयाचे जाणकार तेव्हा जगातही थोडेच होते, तो विषय त्यांनी गंगेच्या काठी शिकवायला घेतला. येथे त्यांच्या निर्णयाची खरी किंमत लक्षात घेतली पाहिजे. ग्रहणाचा गाजावाजा ओसरल्यावर सामान्य सापेक्षतेकडे बहुतेक शास्त्रज्ञांनी पाठ फिरविली होती. अणूचे शास्त्र भरभराटीला येत होते. नोकऱ्या, पैसा आणि कीर्ती सगळी तिकडे होती. वाकलेल्या अवकाशाचे गणित सुंदर असले तरी निरुपयोगी, असेच मत सर्वत्र ऐकू येई. असे असता विष्णुपंतांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे बनारसमध्ये तीच मशागत चालू ठेवली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या कर्मरकर यांनी १९४८ साली मांडलेली अट आजही ताऱ्यांचे गणित करणारे 'कर्मरकर अट' या नावाने वापरतात.

आणि १९४२ साली प्रल्हाद वैद्य त्यांच्याकडे आले. सौराष्ट्रातील शापूरचा हा चोवीस वर्षांचा तरुण. नारळीकरांना पत्र लिहून तो पत्नी आणि तान्ह्या मुलीसह बनारसला येऊन पोहोचला. पगार नव्हता. गाठीच्या पैशांवर सुमारे दहा महिने काढावयाचे होते. बाहेर चलेजाव आंदोलनाचा वणवा पेटला होता. नारळीकरांनी त्याच्यापुढे जो प्रश्न ठेवला तो असा. एकाकी ताऱ्याभोवतीचे अवकाश कसे वाकते, याचे उत्तर श्वार्झशिल्ड या जर्मन विद्वानाने १९१६ सालीच दिले होते. पण त्याचा तारा अंधारा होता. खरा सूर्य तर तळपतो. प्रकाशाच्या रूपाने तो दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान गमावीत असतो. साडीच्या दाखल्यात सांगायचे तर मधले वजन क्षणोक्षणी झिजत आहे, आणि झिजलेला भाग साडीवरूनच बाहेर चालला आहे. मग खळग्याचा आकार कसा बदलेल? वैद्य यांनी याचे अचूक उत्तर काढले आणि ते १९४३ साली प्रसिद्ध झाले.

पुढे पैसे संपले आणि वैद्य यांना बनारस सोडावे लागले. सुरत, राजकोट, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी शिकविण्याची कामे केली. सुरतेच्या वर्गात फळ्यापुढे उभ्या असलेल्या त्या शिक्षकाला पाहून कोणाला वाटले असते की याच्या नावाने एक गणित जगभर ओळखले जाईल? त्या काळी त्याच्या शोधाची विचारपूस करणारे फार नव्हते. परंतु १९६३ साली आकाशात क्वेसार नावाच्या अतितेजस्वी वस्तूंचा उलगडा झाला, आणि प्रचंड प्रकाश टाकणाऱ्या, आपल्याच भाराने आत कोसळणाऱ्या ताऱ्यांचा विचार करण्याची वेळ आली. तेव्हा वीस वर्षे पडून राहिलेले हे उत्तर शास्त्रज्ञांना हवेसे झाले. आज कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती 'वैद्य मेट्रिक' हे नेहमीचे साधन आहे. वैद्य स्वतः गुजरातभर गणिताचे आवडते शिक्षक म्हणून नावाजले आणि १२ मार्च २०१० रोजी वारले. पेरणारा एका ऋतूत पेरतो आणि पीक फार पुढच्या ऋतूत येते, याचे हे उदाहरण आहे.

विष्णुपंतांचे घरही विद्येचेच होते. पत्नी सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. घरात भिंतीवर फळे लावलेले असत, आणि मुलांचे मामा त्यांवर गणिताची कोडी लिहून ठेवीत. मुलांनी ती सोडविल्याशिवाय पुसायची नाहीत. याच घरात वाढलेले थोरले चिरंजीव जयंत पुढे केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, वडिलांना मिळालेले टायसन पदक त्यांनाही मिळाले, आणि पुण्यात आयुका ही संस्था उभारून त्यांनी मराठी मुलांना आकाशाची गोडी लावली. २० मे २०२५ रोजी त्यांचेही निधन झाले. धाकटे अनंत हेही नामवंत शास्त्रज्ञ झाले.

१९६० साली विष्णुपंतांनी बनारस सोडले. राजस्थानच्या लोकसेवा आयोगावर त्यांनी काम केले व त्याचे अध्यक्षपदही भूषविले. त्यानंतर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या अध्यासनावर प्राध्यापक म्हणून ते पुन्हा आपल्या आवडत्या विषयाकडे वळले. १९६९ साली भारतातील सापेक्षतेच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून त्यांच्याशिवाय दुसरे नाव पुढे येणे शक्य नव्हते. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले. अवकाशातील लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या त्या २०१५ साली, आणि तशाच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ, उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. हे पाहण्यास ते नव्हते. पण ज्या थोड्या लोकांनी उपेक्षेच्या काळात या विषयाचा दिवा आपल्या देशात तेवत ठेवला, त्यांत ते अग्रभागी होते.

या चरित्रापासून आपल्या शिक्षक बंधुभगिनींनी काय घ्यावे? आम्हास वाटते, दोन गोष्टी. पहिली दाखल्याविषयी. प्रभूच्या येण्याला रात्रीच्या चोराची उपमा दिलेली आहे, ती केवळ अचानकपणापुरती. ती पलीकडे ताणली तर अर्थाचा अनर्थ होतो, हे आपण वर्गात सांगतच असतो. साडी, बैलगाडी आणि विमान यांचेही तसेच. प्रत्येक दाखला एकच गोष्ट दाखवितो. ती दाखवून झाली की त्याला बाजूस ठेवावे आणि मुलांना मोकळेपणाने सांगावे की, हा दाखला येथपर्यंतच खरा आहे. असे सांगितल्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. उलट मूल दाखल्यालाच सत्य समजून बसत नाही आणि पुढे शोधीत राहते.

दुसरी गोष्ट शिकविण्याच्या कामाविषयी. एडिंग्टनपासून नारळीकरांनी, नारळीकरांपासून वैद्यांनी, आणि वैद्यांपासून सुरतेतल्या व इतर गावांतल्या मुलांनी घेतले. या साखळीतील कोणत्याही दुव्याला पुढचा दुवा आधी दिसत नव्हता. चार मुलांच्या वर्गापुढे रविवारी सकाळी उभे राहणाऱ्या शिक्षकालाही तो दिसत नाही. तरी त्याने आपला फळा स्वच्छ पुसावा, दाखला नीट निवडावा आणि शिकवावे.